जुनी रिमोटची बोट पुन्हा पाण्यात उतरवायची आहे? मग आधी हे वाचा

माळ्यावर पडलेली, कुणीतरी अर्धवट सोडून दिलेली नाहीतर जुन्या सामानात हाती लागलेली आरसी बोट मिळाली की पहिला मोह होतो तो जुना रंग खरवडून नवा रंग मारायचा. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा मोह आवरा. रंग सगळ्यात शेवटी. कारण शाफ्टची, म्हणजे मोटरपासून प्रोपेलरपर्यंत जाणाऱ्या दांड्याची, नळी बदलायची वेळ आली की बुडाला भोक मोठं करावं लागतं, मोटरपर्यंत हात पोचत नसेल तर डेक कापावा लागतो, वजन बसवताना बोट शंभर वेळा पाण्यात टाकून काढावी लागते, आणि या सगळ्यात नव्या रंगाची पार वाट लागते. त्याहून वाईट म्हणजे रंगात सगळा उत्साह संपतो आणि बोट फळीवर शोभेला जाऊन बसते ती कायमची. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी पाणी आत येणं थांबवा, मग शाफ्ट आणि मोटर, मग वायरिंग आणि रेडिओ, मग वजन, मग रंग.

आता बोट कुठली घ्यायची ते. अजून घेतली नसेल तर पहिली बोट संथ आणि रुंद घ्या, टग (मोठी जहाजं ओढणारी बोट) किंवा मासेमारीचा ट्रॉलर, लांबी साधारण ६० ते ९० सेमी. ही बोट हळू चालते त्यामुळे चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो, पोट मोठं असतं म्हणून आत हात घालून काम करता येतं आणि चार-दोनशे ग्रॅम वजन इकडेतिकडे झालं तरी ती कुरकुर करत नाही. स्पीडबोट बघायला भारी वाटते पण तिच्यात ब्रशलेस मोटर, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, पाण्याने थंड होणारा ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) असं सगळं एकदम अंगावर येतं आणि काठावर आपटली की बूड फुटतं. युद्धनौकेची मॉडेलं देखणी असतात पण अरुंद असतात आणि वरचं बांधकाम उंच, त्यामुळे ती सहज कलंडतात, ती दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी ठेवा. घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. लाकडी बोट असेल तर आतून बुडाच्या मधल्या सांध्यावर अंगठा दाबून बघा, मऊ लागलं तर लाकूड कुजलंय. प्रोपेलर हाताने फिरवा, जाम असला तरी चालेल पण दांडा वाकलेला नको. आणि डेकवरचं झाकण काढल्यावर मोटर दिसते का आणि तिथे हात जातो का ते बघा. झाकण लहान असेल तर पुढे प्रत्येक वेळी वैताग येईल.

घरी आणली की काहीही उघडायच्या आधी सगळ्या बाजूंनी भरपूर फोटो काढा, दोऱ्या कुठून कुठे बांधल्यात, कुठली वायर कुठे जाते, रेलिंग कसं बसलंय, सगळं. मग आतली जुनी बॅटरी बाहेर काढा. ती फुटून गळली असेल तर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसते. इथे हातमोजे आणि चष्मा घालाच. निकेलची बॅटरी असेल तर गळलेला माल अल्कलाइन असतो, तो व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसायचा, आणि लेड-ॲसिड असेल तर ॲसिड असतं, त्यावर पाण्यात कालवलेला खायचा सोडा. उलटं करू नका. जुन्या बोटीच्या रंगात शिसं असू शकतं म्हणून तो कोरडा घासायचा नाही, ओला पॉलिश पेपर वापरायचा, तोंडाला मास्क, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे.

मग गळती. एखादा मोठा टब घ्या, बोटीत अंदाजे जेवढं वजन असणार तेवढं कशानेही भरा, पाण्याच्या बंद पिशव्या चालतील, आणि आतल्या कानाकोपऱ्यात कोरडे टिश्यू पेपर पसरून बोट अर्धा तास पाण्यात ठेवा. जिथला टिश्यू ओला होतो तिथे खूण करा. बहुतेक वेळा तीनच ठिकाणं निघतात: शाफ्टची नळी जिथे बुडातून बाहेर येते ती, सुकाणूची उभी नळी, आणि मधला सांधा. खूण केली म्हणून लगेच चिकटवायला घेऊ नका, आधी बोट पूर्ण वाळू द्या. लाकडी असेल तर काही दिवस लागतात, ओल्या लाकडावर एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) धरत नाही.

दुरुस्ती बूड कशाचं आहे त्यावर ठरते. फायबरचं असेल तर तड्याच्या आतल्या बाजूला ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चांगलं खरबरीत करायचं, पुसायचं, आणि ग्लास क्लॉथचा (काचेच्या धाग्यांच्या कापडाचा) तुकडा एपॉक्सीत भिजवून वरून बसवायचा, तुकडा तड्याच्या सगळीकडून निदान दोन सेमी बाहेर गेला पाहिजे. फायबर घासताना उडणारी धूळ फार वाईट, मास्कशिवाय अजिबात नाही. एबीएस प्लास्टिकचं असेल तर त्याच प्लास्टिकची पट्टी आतून प्लास्टिकच्या सॉल्व्हंट सिमेंटने जोडा. लाकडी असेल तर फट साफ करून पातळ एपॉक्सी आत मुरू द्या आणि मग आतून कापडाचा थर द्या. पाच मिनिटांत सुकणारं एपॉक्सी सगळे वापरतात कारण ते हाताशी असतं, पण सतत पाण्यात राहणाऱ्या जागेसाठी अर्ध्या तासाचं किंवा त्याहून हळू सुकणारं घ्या, ते जास्त मजबूत बसतं आणि पाण्याला जास्त टिकतं. सुपरग्लू फक्त तुकडे जागेवर धरून ठेवायला, तो ठिसूळ असतो आणि कंपनाने सुटतो.

आता शाफ्ट. पूर्ण बोटीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण गळती, आवाज, बॅटरी लवकर उतरणं, मोटर तापणं या चारही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. प्रोपेलरमागचा लॉकनट सैल करून प्रोपेलर काढा, आतून मोटरकडचं कपलिंग (मोटर आणि दांडा जोडणारा तुकडा) सोडवा आणि दांडा बाहेर ओढा. जाम असेल तर जोर लावू नका, नळीत दोन्ही बाजूंनी रॉकेल सोडून रात्रभर ठेवा, जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं ते सुटतं. दांडा बाहेर आला की पुसून काचेवर ठेवून बोटाने लोळवा, वाकलेला असेल तर दांड्याखालून उजेडाची फट उघड-मीट होताना दिसते. वाकडा दांडा सरळ करायच्या भानगडीत पडू नका, नवा घ्या. मग तोच दांडा परत नळीत घालून टोकाशी हलवून बघा. वर-खाली खडखडत असेल तर नळीच्या टोकाचे बुश (दांड्याला आधार देणाऱ्या छोट्या कड्या) झिजलेत, आणि तसं असेल तर नळीसकट सगळा सेट बदलणं शहाणपणाचं. ठीक असेल तर पाण्याला टिकणारं ग्रीस सिरिंजने नळीत भरा, दांडा फिरवत फिरवत आत ढकला म्हणजे मध्ये हवा राहत नाही. वायसर आणि लॉकनट बसवताना अगदी कागदाच्या जाडीइतकी ढिल ठेवा, पूर्ण आवळला तर दांडा घासतो आणि करंट वाढतो.

आणि मोटर शाफ्टच्या रेषेत बसवणं, हे नीट वाचा. युनिव्हर्सल जॉइंटचं, म्हणजे वाकून फिरणाऱ्या सांध्याचं, कपलिंग असलं की लोकांना वाटतं थोडं वाकडं चालतं. चालतं, पण घरघर करत चालतं आणि पॉवर फुकट जाते. सोपी युक्ती अशी की मोटर बसवताना युनिव्हर्सल जॉइंट लावायचाच नाही, त्याच्या जागी दोन्ही दांड्यांवर घट्ट बसेल असा पितळी नळीचा सरळ तुकडा लावायचा, म्हणजे मोटर आणि शाफ्ट आपोआप एका रेषेत येतात. तशाच अवस्थेत मोटरचा माउंट एपॉक्सीने चिकटवा, पूर्ण सुकू द्या आणि मग नळी काढून जॉइंट लावा. नीट जमलंय का ते मल्टिमीटरने कळतं: आधी नुसती मोटर फिरवून किती अँपिअर घेते ते बघा, मग शाफ्ट जोडून परत बघा. आकडा किंचितच वाढला पाहिजे. दुप्पट झाला तर कुठेतरी घासतंय.

जुनी ब्रशची मोटर लगेच फेकू नका, ५४० किंवा ६०० साइजची मोटर अनेकदा वर्षानुवर्षं पडूनही ठणठणीत असते. दोन्ही बेअरिंगवर हलक्या तेलाचा एकच थेंब टाका, कमी व्होल्टेजवर फिरवून बघा. मोटरवर तीन छोटे सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केलेले आहेत का ते बघा, ०.१ मायक्रोफॅरडचे, एक दोन्ही टर्मिनलच्या मध्ये आणि बाकी दोन प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या धातूच्या अंगाला. ब्रशच्या ठिणग्यांमुळे रेडिओत गडबड होते ती हे कपॅसिटर दाबतात, नसतील तर लावून घ्या. मोटर हवेत फिरवून मोजलेला करंट ईएससी निवडायला उपयोगाचा नाही. टबमध्ये बोट घट्ट धरून प्रोपेलर पाण्यात असताना फुल थ्रॉटलवर मोजा आणि त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा ईएससी घ्या, पुढे-मागे दोन्ही चालणारा. बॅटरीच्या प्लस वायरवर गाडीत असतो तसा ब्लेड फ्यूज टाका. प्रोपेलरमध्ये शेवाळ अडकून मोटर जाम झाली की करंट एकदम चढतो, तेव्हा हा छोटासा फ्यूज बाकी सगळं वाचवतो. मिनिटभर चालवून मोटरला हात लावा, हात ठेववत नसेल तर प्रोपेलर मोठा झालाय, लहान लावा. मोठा प्रोपेलर म्हणजे जास्त स्पीड हा समज चुकीचा आहे, मोटरला झेपला तरच.

रेडिओच्या बाबतीत मी जुन्याचा आग्रह धरत नाही. जुना २७ किंवा ४० मेगाहर्ट्झचा सेट असेल तर आठवण म्हणून ठेवा आणि बोटीत २.४ गिगाहर्ट्झचा बसवा. जुन्यात क्रिस्टल असायचे, शेजारच्या माणसाने त्याच चॅनलचा सेट चालू केला की तुमची बोट तुमची राहायची नाही. नव्यात रिमोट आणि रिसिव्हर एकमेकांशी बाइंड होतात, तो प्रश्नच संपतो. फक्त एक लक्षात ठेवा, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जवळपास जातच नाहीत, त्यामुळे रिसिव्हरच्या अँटेनाचं उघडं टोक, ते साधारण ३१ मिमी असतं, पाण्याच्या पातळीच्या वर आलं पाहिजे. केबिनच्या आत उभं चिकटवा, जवळ धातू किंवा जाड वायरी नकोत. अँटेना कापू किंवा गुंडाळू नका. रेडिओने दुरून काही चालवायची सुरुवातच मुळात बोटीपासून झाली, निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत छोटी बोट रेडिओवर चालवून दाखवली होती, लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. आपण तोच छंद पुढे नेतोय याचा मला मनापासून आनंद वाटतो.

फेलसेफ सेट करा, म्हणजे सिग्नल गेला की थ्रॉटल शून्यावर येईल. चालू करताना आधी रिमोट मग बोट, बंद करताना आधी बोट मग रिमोट, हा क्रम हाताला लागला पाहिजे. रिसिव्हरला वेगळी बॅटरी सहसा लागत नाही, ईएससीमधला बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारा भाग, त्याला ५ ते ६ व्होल्ट देतो. दोन मोटरी, दोन ईएससी असतील तर एका ईएससीच्या प्लगमधली मधली लाल वायर काढून टेप लावा, दोन बीईसी एकाच वेळी जोडायचे नसतात. सुकाणूच्या सर्वोला (सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरला) आधी करंट देऊन मध्यावर येऊ द्या आणि मगच त्याचा हात स्क्रूने बसवा, सुकाणू दोन्हीकडे साधारण ३५ अंश वळला की पुरे, त्याहून जास्त वळवला तर तो बोट वळवण्यापेक्षा अडवतोच जास्त. काही न करता सर्वो गुणगुणत असेल तर सळई कुठेतरी ताणली जातेय.

बॅटरी. संथ आणि जड बोटीला ६ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड किंवा सहा सेलची ७.२ व्होल्ट निकेल मेटल हायड्राइड मस्त, कारण तसंही वजन घालायचंच असतं. लेड-ॲसिड नेहमी पूर्ण चार्ज करून ठेवा, उतरलेली ठेवली की मरते, आणि बोटीत बंद झाकणाखाली चार्ज करू नका, हायड्रोजन निघतो. लिपो हलकी आणि ताकदवान असते पण शिस्त मागते: सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर चार्ज नाही, ३ व्होल्टच्या खाली उतरवायची नाही, ठेवताना ३.८ च्या आसपास, फुगलेली बॅटरी वापरायची नाही, आणि चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही. पहिल्या बोटीला नसली तरी काही बिघडत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, वजन बसवणं. सगळं सामान जागेवर ठेवा, वरची केबिन, डोलकाठी, सगळं चढवा आणि बोट टबात सोडा. ती खूप वर तरंगेल आणि बहुतेक एका बाजूला कलेल. आता शिशाचे किंवा लोखंडाचे छर्रे छोट्या झिपच्या पिशव्यांत भरून बुडाशी, अगदी खाली आणि मधल्या रेषेत ठेवत जा. बॅटरी सगळ्यात जड, म्हणून आधी तीच पुढे-मागे सरकवून बघा, अर्धं काम त्यातच होतं. पाण्याची रेषा सगळीकडे समान आली, मागचा भाग किंचित खाली असला तरी चालेल पण पुढचं टोक खाली नको, की मग बाजू बोटाने दाबून सोडा. बोट टुणकन सरळ झाली तर छान. आळसावल्यासारखी, उशीर लावून सरळ होत असेल तर वर वजन जास्त आहे, केबिन हलकी करा किंवा खालचं वजन वाढवा. एकूण किती वजन लागेल याचा अंदाज हिशेबानेही येतो, खऱ्या जहाजाचं वजन भागिले स्केलचा (मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान आहे त्या आकड्याचा) घन. १:४८ चं मॉडेल असेल तर ४८ चा घन १,१०,५९२, म्हणजे ५०० टनांचं जहाज मॉडेलमध्ये साधारण साडेचार किलोचं होतं. समाधान झालं की पिशव्या चिकटवून टाका आणि बॅटरी वेल्क्रोने पक्की करा, कारण वळताना सुटं वजन एका बाजूला सरकलं तर बोट उलटलीच. पुढच्या टोकात आणि जिथे रिकामी जागा आहे तिथे फोमचे तुकडे भरा, पाणी भरलं तरी बोट तळाला जाणार नाही इतके.

रंगाचं थोडक्यात. भांड्याच्या साबणाने धुवा, २४० मग ४०० चा ओला पॉलिश पेपर, खड्ड्यांना पुट्टी, प्रायमर, आणि पातळ पातळ हात. पाण्याची रेषा आखायला बोट सपाट टेबलावर पाण्यात तरंगते तशी सरळ ठेवा, एका ठोकळ्यावर योग्य उंचीला पेन्सिल बांधा आणि ठोकळा बोटीभोवती फिरवा. जुन्या रंगावर नवा स्प्रे कधीकधी सुरकुततो, म्हणून आधी कोपऱ्यात थोडा मारून बघा. रंग कोरडा लागला म्हणून लगेच पाण्यात नेऊ नका, काही दिवस जाऊ द्या.

पहिली फेरी शांत पाण्यात, वारा नसताना, शेवाळ आणि पाणवनस्पती नसलेल्या ठिकाणी. तळं कुणाच्या ताब्यात असेल तर परवानगी विचारा, गळ टाकून बसलेल्यांपासून, पोहणाऱ्यांपासून आणि पक्ष्यांपासून लांब. थोडा वारा असलाच तर ज्या काठाकडे वारा वाहतोय त्या काठावर उभे रहा, म्हणजे बोट बंद पडली तरी तरंगत तुमच्याकडेच येईल. आधी काठावर रेंज बघा: एक जण बोट धरून उभा, दुसरा रिमोट घेऊन लांब जातो आणि सुकाणू हलवतो. मग पाच मिनिटं जवळच चालवा, परत आणा, झाकण उघडा, आत पाणी आहे का बघा, मोटर आणि ईएससीला हात लावा. सगळं ठीक तरच लांब न्या.

बोट आपल्याकडे यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं, सगळे इथेच गोंधळतात. बोट जिकडे जातेय तिकडे तोंड करून, म्हणजे बोटीकडे पाठ फिरवल्यासारखे, उभे राहून खांद्यावरून बघा, म्हणजे तुमचं आणि तिचं उजवं एकच होतं, काही दिवसांत हे न करताही जमतं. ब्रेक नसतो, त्यामुळे थ्रॉटल सोडल्यावर बोट किती लांबीत थांबते ते आधीच बघून ठेवा. रिव्हर्समध्ये एका प्रोपेलरच्या बोटीचं सुकाणू जवळपास ऐकतच नाही, मागचा भाग आपला आपण एका बाजूला ओढला जातो, तो कुठल्या बाजूला जातो ते लक्षात ठेवलं की धक्क्याला लावताना त्याचाच फायदा घेता येतो. आठच्या आकड्यात फिरवायचा सराव सगळ्यात चांगला. आणि स्पीड कमी ठेवा. मॉडेलचा शोभेल असा वेग म्हणजे खऱ्या जहाजाचा वेग भागिले स्केलचं वर्गमूळ: १० नॉट्सचा ट्रॉलर १:४८ मध्ये ताशी २.७ किमीच्या आसपास, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालीपेक्षाही थोडा कमी. त्या वेगात पुढच्या टोकाशी उठणारी लाट अगदी खऱ्यासारखी दिसते, ते बघायला मिळालं की स्पीडचं वेड आपोआप उतरतं.

बोट मध्येच अडकली तर पाण्यात उतरू नका, कितीही उथळ वाटलं तरी. गळाच्या दोरीला तरंगणारा चेंडू बांधून बोटीच्या पलीकडे फेका आणि दोरी हळूहळू ओढून बोट काठाला आणा, हे सामान कायम पिशवीत असू द्या. बोट हळू व्हायला लागली की अजून एक फेरी न मारता परत फिरवा.

घरी आल्यावर बॅटरी काढा, झाकण उघडं ठेवून आतली ओल वाळू द्या, प्रोपेलरमागे गुंडाळलेले केस-दोरे चिमट्याने काढा, ते तसेच राहिले तर बुश खातात. खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर गोड्या पाण्याने बाहेरून धुवा आणि शाफ्ट काढून नवीन ग्रीस भरा. गोड्या पाण्यात चालवत असाल तरी काही फेऱ्यांनी ग्रीस बघत चला, नळीतून पाणी झिरपायला लागलं की समजा ते संपलंय. बरेच दिवस पडून राहिलेली बोट परत काढाल तेव्हा करंट द्यायच्या आधी प्रोपेलर हाताने फिरवून बघा, अडकत असेल तर मोटर चालू करू नका, शाफ्ट बाहेर काढून साफ करा आणि मगच बॅटरी जोडा.